दारातून आभाळ दिसलं पाहिजे

आग विझवायला येणाऱ्या माणसासाठी लोक रस्ता मोकळा करतात. आग लागू नये म्हणून येणाऱ्या माणसाला पाहिलं की अर्धं शटर खाली ओढतात आणि नोकराकडून निरोप देतात, "शेठ बाहेरगावी गेले." शेठ आत बसून चहा पीत असतो, बशीचा आवाज बाहेर येत असतो. मी नोकरीत ही दोन्ही कामं केली. पाण्याच्या पाइपाची आठवण लोक अजून काढतात. तपासणीची आठवण कोणी काढत नाही, काढलीच तर शिवी देऊन काढतात.

आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात मी होतो. गावाचं नाव लिहीत नाही, एक प्रकरण कोर्टात चालू आहे. मला या लेखात एका दाराबद्दल लिहायचं आहे आणि ते दार उघडणाऱ्या शोभाताईंबद्दल. शोभाताई आता नाहीत. माझ्यावर जो अन्याय झाला त्याबद्दलही लिहिणार आहे, कारण ते पोटात ठेवून मला दोन वर्षं नीट झोप लागलेली नाही. पण अन्याय किती आणि माझी चूक किती, हा हिशेब मला लावता आलेला नाही. वाचणाऱ्यांनी लावावा.

माझा जन्म आर्णीजवळच्या तांड्यातला. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरले. बाच्या वेळेपर्यंत फिरणं संपलं होतं, बैलांची पारख तेवढी उरली होती. गावोगावचे लोक बैल घ्यायला बाला सोबत नेत. बाजारात रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून सौदा चालायचा. बाहेरच्याला काही कळायचं नाही. मी बाच्या शेजारी उभा राहून दोघांचे चेहरे वाचायला शिकलो. बाची एक सवय होती. बैल कितीही देखणा असो, उभा बैल तो कधी घ्यायचा नाही. म्हणायचा, "चालवून दाखव." विकणारा चिडायचा, "अबे, दिसून नाई राह्यलं का तुले, केवढा बैल हाय?" बा म्हणायचा, "दिसून राह्यला, म्हनूनच म्हनतो, चालवून दाखव."

दहावीनंतर मी उन्हाळ्यात नगरपरिषदेच्या पाण्याच्या टँकरवर रोजंदारीनं लागलो. टँकरवरून आगीच्या बंबावर गेलो, कारण एका आगीत बंबाच्या माणसाचा हात भाजला आणि पाइप धरायला कोणी नव्हतं. मी धरला. तो पुढं तीस वर्षं धरला. कायम होण्यासाठी किती पायऱ्या झिजवल्या, कोणाकोणाशी भांडलो, ते इथं लिहीत नाही. पर्यवेक्षक झालो तेव्हा विभागात एक मोठा बंब, एक छोटी गाडी, ड्रायव्हर कादरभाई आणि मोजकी माणसं होती. आणि अख्ख्या गावाची तपासणी माझ्या एकट्याच्या मोटारसायकलवर होती.

तपासणी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. दुकान, दवाखाना, मंगल कार्यालय, शिकवणी वर्ग, कापसाचं जिनिंग, जिथं माणसं गोळा होतात तिथं जायचं. भिंतीवरचं लाल नळकांडं पाहायचं, त्याच्या घड्याळातला काटा हिरव्यात आहे की नाही. वायर उघडी आहे का. जिन्यात माल ठेवला आहे का. आणि मागचं दार. माझ्या मते तपासणीचा निम्मा जीव मागच्या दारात असतो. नळकांडं आग लहान असेपर्यंत कामाचं. आग मोठी झाली की माणसाला एकच गोष्ट लागते, बाहेर जायला दुसरी वाट.

कायद्यानं माझ्या हातात नोटीस होती. पण नोटीस दिली की शेठ वकील करतो, नगरसेवकाचा फोन येतो, तारखा पडतात आणि दार पोत्यांमागंच राहतं. म्हणून मी सौदा करायचो. बसस्टँडजवळच्या एका हॉटेलवाल्यानं मागच्या दारासमोर देव्हारा मांडला होता. त्याला वाटलं, देवाला हलवा असं कोण म्हणणार? मी चपला काढल्या, नमस्कार केला आणि म्हटलं, "शेठ, देवाचं तोंड मोरीकडं केलं तुमी. धंदा कसा होईल? गल्ल्याकडं करा." तो विचारात पडला. मी म्हटलं, "गुरुवारी चांगला दिवस हाय. मी सोता हात लावतो." गुरुवारी देव गल्ल्यावर गेले, दार मोकळं झालं आणि त्यानं मला पेढे दिले. हा सौदा मी पुष्कळ लोकांना सांगितला आहे. मला माझ्या सौद्यांचा अभिमान होता. तोच नडला.

माझा राग मात्र बाचा नव्हता, माझा स्वतःचा होता. एकदा एका मंगल कार्यालयात ऐन लग्नाच्या दिवशी मागच्या दाराला कुलूप दिसलं. आत हजारेक माणूस, स्वयंपाकाच्या भट्ट्या पेटलेल्या. मालक म्हणाला, "कायले तमाशा करता? पाहुने बिना पत्रिकेचे मागून घुसतात न." मी बंबातली पहार आणली आणि वऱ्हाड्यांसमोर कुलूप तोडलं. मालकाच्या अंगावरही गेलो, ते जायला नको होतं. नवरदेवाच्या मामानं मला धरलं. मला मेमो मिळाला. कादरभाई म्हणाले, "उस्ताद, ताला तोडने का मेमो अलग, आदमी तोडने का अलग. तुमने दोनों कमा लिए." कुलूप तोडल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

तर मागचं दार. दार आहे एवढ्यावर मी कधी सही केली नाही. बाचंच शिकलो होतो, म्हणायचो, "उघडून दाखवा." आणि मालकानं उघडायचं नाही. मालक आगीच्या वेळी गल्ल्यापाशी असतो, पहिला बाहेर पडतो. जो माणूस त्या दारापासून सगळ्यात जवळ काम करतो, त्यानं उघडायचं. माझ्यासमोर, दर सहा महिन्यांनी. याला वेळ लागायचा. माल सरकवा, किल्ली शोधा, कडीला तेल घाला. एका जागेला कधी अर्धा दिवस जायचा. पण त्या माणसाच्या हाताला ती कडी माहीत व्हायची.

आमच्या गावात कापड लाइन आहे, एका ओळीत कापडाची दुकानं. त्यातलं एक साडीचं दुकान तीन मजली. खाली रोजच्या साड्या, पहिल्या मजल्यावर लग्नाच्या. दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, तिथं तीन बायका बसून फॉल-पिको करायच्या. त्या खोलीला मागच्या बाजूला एक दार, बाहेर उघडणारं, आणि दाराबाहेर गल्लीत उतरणारा लोखंडी जिना. शोभाताईंची मशीन त्या दाराच्या शेजारी होती. म्हणून दार उघडायचं काम त्यांच्याकडे.

पहिल्यांदा त्यांनी कडी ओढली तेव्हा ती हललीच नाही. गंजली होती. त्यांनी कात्रीच्या मुठीनं ठोकली, नख मोडलं, माझ्याकडं रागानं पाहिलं. "आग लागंल तवा पाहू न भाऊ, आत्ता कायले जीव घेता?" मी म्हटलं, "आग लागंल तवा मी इथं नसन. बंब घेऊन चौकात अडकलो असन." त्या हसल्या. मशीनचं तेल कडीत सोडलं, पुन्हा ओढली, दार ढकललं आणि बाहेरचा उजेड आत आला. गल्लीतला कडुनिंब दिसला. शोभाताई म्हणाल्या, "अगं माय, इकडं झाड हाये? सात वर्सं झाली मले इथं."

पुढं तो एक खेळच झाला. मी जिना चढलो की त्या मशीन थांबवायच्या. "आले वो, दार उघडाया लावनारे भाऊ." मी म्हणायचो, "डोळे मिटून उघडा. धुरात दिसत नाई." त्या डोळे मिटायच्या, भिंत चाचपायच्या आणि मोठ्यानं मोजायच्या. एकला उठायच्या, दोनला कडीवर हात, तीनला कडी सरकली, चारला दार बाहेर. मग डोळे उघडून म्हणायच्या, "चार. झालं भाऊ, वाचलो आमी." बाकीच्या दोघी टाळ्या वाजवायच्या. त्यातली एक रेखा, नवीन लग्न झालेली, ती म्हणायची, "ताई, तुमी वाचल्या, आमचं काय?" शोभाताई म्हणायच्या, "माह्या पदराले धरून या न."

सगळ्या कापड लाइनमध्ये हे दुकान माझं सगळ्यात चांगलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

मग नवे मुख्याधिकारी साहेब आले. वयानं तरुण, हुशार, स्वच्छ हाताचा माणूस. मी त्यांना दोष देतो, पण खोटं बोलणार नाही, ते वाईट नव्हते. त्यांनी माझी तपासणीची वही मागितली आणि दोन दिवस वाचली. मग मला बोलावलं.

"तुम्ही मेहनत करता," ते म्हणाले, "पण ही पद्धत कार्यक्षम नाही. जिथं तुम्ही जाता तिथं सहा महिन्यांनी जाता. आणि तेलीपुऱ्यातली ही सगळी गोदामं, हे शिकवणी वर्ग, इथं तुम्ही चार-चार वर्षं गेलेलाच नाही."

हे खरं होतं. एका माणसानं एका दारापाशी अर्धा दिवस घालवला की दुसरं दार तसंच राहतं. मी म्हटलं, "माणसं द्या." ते म्हणाले, "माणसं नाहीत. मोबाइल आहे. मालक स्वतः फोटो काढून पाठवतील. नळकांड्याचा, जिन्याचा, मागच्या दाराचा. तुम्ही फोनवर पाहायचं, हिरवी खूण करायची. एका दिवसात अख्खी लाइन."

मी तिथंच तापलो. म्हटलं, "साहेब, उभ्या बैलाचा फोटो पाहून कोणी बैल घेते का?" त्यांना काही कळलं नाही. ते शांतपणे म्हणाले, "मग तुम्ही सांगा, काय करायचं?"

आणि इथं माझ्यातला सौदेबाज जागा झाला. समोरचा माणूस भाव विचारतो आहे, हे मला दिसलं. मी बसलो, पाणी प्यालो आणि सौदा मांडला. सगळं गाव फोटोवर जाणार नाही. जिनिंग, दवाखाने, मंगल कार्यालयं, शिकवणी वर्ग आणि तेलीपुरा, इथं मी स्वतः जाणार. मला आणखी एक गाडी आणि एक माणूस पाहिजे. बंबाचे फाटके पाइप बदलून पाहिजेत. साहेबांनी विचारलं, "आणि फोटोवर काय सोडता?"

मी म्हटलं, "कापड लाइन."

का? कारण ती माझी चांगली लाइन होती. तीन तपासण्यांत एकही दोष नाही, तिथं धोका कमी, असा साहेबांचा नियम होता आणि तो मला पटला. त्या वेळी एवढं डोक्यात आलं नाही की दोष नव्हता तो मी जात होतो म्हणून. साहेबांनी सगळ्या अटी मान्य केल्या. मी बाहेर आलो तेव्हा कादरभाईंच्या पाठीवर थाप मारली. "नवे पाइप, नवी गाडी, एक मानूस. दिलं काय? कापड लाइन. ते तं आपोआप चालते." कादरभाई म्हणाले, "सस्ते में छूटे."

त्या सौद्यानं फायदा झाला, हेही सांगतो. त्या वर्षी मी अशा जागी गेलो जिथं कोणी कधी गेलंच नव्हतं. एका शिकवणी वर्गात जिन्याखाली चहाची शेगडी आणि सिलिंडर, वर पन्नास पोरं. ते काढून घेतलं. एका दवाखान्यात नळकांडी चोरी होतात म्हणून डॉक्टरांनी सगळी स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवली होती. ती बाहेर आणली. साहेबांची पद्धत चुकीची होती असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

फोटो यायचे. मी चहाच्या टपरीवर बसून पाहायचो. काटा हिरव्यात, जिना मोकळा, दार. खूण. काटा, जिना, दार. खूण. एका बैठकीत वीस-वीस दुकानं व्हायची. साडीच्या दुकानाचा फोटो यायचा त्यात दाराच्या शेजारी शोभाताईंच्या मशीनचा कोपरा दिसायचा. मी खूण करताना मनात म्हणायचो, चार, झालं. दोन वर्षं असं चाललं. दोन वर्षांत मी तो जिना चढलो नाही.

त्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी, कापड लाइनमधून फोन आला. साडीच्या दुकानात पहिल्या मजल्यावर दिव्यांच्या माळांसाठी ओढलेल्या वायरीनं पेट घेतला होता. धूर जिन्यानं वर चढला. चौकात पणत्या-रांगोळीच्या गाड्या लागल्या होत्या, बंब अडकला. मी उतरून मागच्या गल्लीत पळालो. मनात धीर होता, की वरच्या बायका लोखंडी जिन्यानं उतरून कडुनिंबाखाली उभ्या असतील. शोभाताई मला टोमणा मारतील.

कडुनिंबाखाली कोणी नव्हतं. लोखंडी जिना रिकामा होता. वर दाराला बाहेरून साखळी होती आणि साखळीला कुलूप.

कोणीतरी जिन्यानं वर चढून साड्या चोरल्या होत्या, म्हणून मालकानं बाहेरून साखळी घातली होती. वर्ष झालं होतं त्याला. आतून काहीच दिसत नव्हतं. आतून दार तसंच होतं, कडी तशीच, वर 'बाहेर' लिहिलेली पाटी तशीच. फोटो आतून काढलेला असायचा. बंद दाराचा.

कादरभाई मागून पहार घेऊन आले. मी साखळी तोडली. दार ओढावं लागलं नाही, ते आपोआप बाहेर आलं, कारण शोभाताई त्याला टेकून होत्या. आतली कडी सरकवलेली होती. आम्ही दोघांनी त्यांना खाली आणलं. गावातल्याच सरकारी दवाखान्यात नेलं. त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

बाकीच्या दोघी समोरच्या जिन्यानं, धुरातून, खाली आल्या. रेखाचा हात भाजला. पहिली काही मिनिटं समोरचा जिना उतरण्यासारखा होता.

चौकशी झाली. मालकावर केस आहे, त्याबद्दल मी बोलणार नाही. मला नोटीस आली, "प्रत्यक्ष पाहणी न करता योग्य असल्याची नोंद केली." मी रागानं उत्तर लिहिलं. फोटोची पद्धत कोणी आणली? आदेशावर सही कोणाची? साहेबांची तोपर्यंत मोठ्या गावी बदली झाली होती. त्यांच्या पद्धतीचं म्हणे कौतुक झालं. पडद्यावर मात्र हिरव्या खुणेखाली नाव माझं होतं. तीस वर्षं पाइप धरणाऱ्या माणसाला अग्निशमनातून काढलं आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसवलं. नोकरीचे शेवटचे चौदा महिने मी दाखल्यांवर शिक्के मारले. त्यातल्या एका दाखल्यावर शोभाताईंचं नाव होतं. त्यांचे यजमान न्यायला आले. गवंडीकाम करतात. त्यांनी दाखला घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "तुमची लय गोष्ट सांगे ते घरी." त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचा ऋणी झालो असतो.

हा माझा अन्याय. तो मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. साहेबांनी एकदा फोन केला असता तरी चाललं असतं.

पण चौकशीच्या कागदांत रेखाचा जबाब होता, तो मी वाचला. धूर वर आला तेव्हा रेखा आणि दुसरी बाई समोरच्या जिन्याकडं वळल्या. शोभाताईंनी त्यांना हाका मारल्या, "तिकडं कुठं जाता? इकडून या. भाऊनं दाखवलेलं दार हाये न." दुसरी बाई मागं फिरलीच नाही. रेखा दोन पावलं मागं फिरली आणि मग घाबरून जिन्याकडं पळाली. घाबरली म्हणून वाचली. शोभाताई घाबरल्या नाहीत. न घाबरायचं मी त्यांना शिकवलं होतं.

मी त्यांना दार शिकवलं आणि मग ते दार सौद्यात देऊन टाकलं. देताना त्यांना सांगितलंही नाही, की ताई, यापुढं मी येणार नाही, तुमचं तुम्ही उघडून पाहत जा. एवढं एक वाक्य. तेही मला सुचलं नाही, मी नव्या पाइपांच्या आनंदात होतो. नोटिशीच्या उत्तरात मी साहेबांचा आदेश लिहिला, तारीख-वार लिहिली, हे लिहिलं नाही. तिथं कोणी विचारलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर चार महिने घरात बसलो. मग एक दिवस अग्निशमन विभागात गेलो. माझ्या खुर्चीवर आता एक मॅडम आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या, माहेर उमरखेडचं. फोटोची पद्धत चालूच आहे, आता तर पूर्ण गावाला. मी म्हटलं, "मॅडम, प्रत्येक दार उघडून पाहत जा."

त्या म्हणाल्या, "काका, मी एकटी आहे. कधी पाहू? तुम्हाला माहीत नाही का?"

मला माहीत होतं. मी भाव खाली आणला. "बरं, फोटोऐवजी व्हिडिओ मागवा. कामावरचा मानूस दार उघडतो असा."

"सिस्टीममध्ये फोटोच जातो. बदल वरून करावा लागते. दोन वर्षं लागतील."

मी आणखी खाली आलो. बाजारात बा असाच येत असे, समोरच्याच्या हातात काय आहे ते पाहत. मॅडमच्या हातात काय होतं? फोटो घ्यायचा की परत पाठवायचा, एवढंच. मग मला ते सुचलं. दोन वर्षं आधी सुचायला पाहिजे होतं.

"फोटोच घ्या," मी म्हटलं. "पन बंद दाराचा फोटो घेऊ नका. परत पाठवा. दार उघडं पाह्यजे आणि दारातून भायेरचं आभाळ दिसलं पाह्यजे. आभाळ नाई, तं हिरवी खूण नाई. याले कोनाचा आदेश लागते का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "याला नाही लागत." मग म्हणाल्या, "आणि आभाळ दिसतच नसेल तर, समोर भिंत असेल तर?"

"तं त्या भिंतीचा फोटो येईल न. मंग तुमी जा पाहाले."

आता फोटो असे येतात. मॅडम कधी कधी मला बोलावून दाखवतात. उघड्या दारातून आभाळ, कोणाच्या वाळत घातलेल्या चादरी, मोबाइलचा टॉवर, वरून जाणारी वायर. पहिल्याच महिन्यात कितीतरी मालकांनी फोटो पाठवलेच नाहीत. मॅडम त्यांच्याकडं स्वतः गेल्या, आणि जिथं गेल्या तिथं काहीतरी निघालंच. साखळी, पोती, एका ठिकाणी तर दाराबाहेर जिनाच नव्हता. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला सौदा. यात मला काही मिळालं नाही आणि ज्या बाईला मिळायला पाहिजे होतं ती नाही.

साडीचं दुकान पुन्हा सुरू झालं आहे. त्याचा फोटो आला तेव्हा मॅडमनी बोलावलं, मी गेलो नाही. त्या दारातून काय दिसतं ते मला माहीत आहे.

एक गोष्ट मी मॅडमना सांगितलेली नाही. खिडकीत बसत होतो तेव्हा रेखा आली होती. तिला मुलगी झाली होती, जन्माचा दाखला न्यायचा होता. अर्ज आत सरकवला तेव्हा मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसला. मी मुलीचं नाव विचारलं, तिनं सांगितलं. दाखला देताना मी विचारलं, त्या दिवशी शोभाताई आणखी काही बोलल्या का. जबाबात नव्हतं असं काही.

रेखा म्हणाली, "बोलल्या नाई भाऊ. मोजून राह्यल्या होत्या. तुमी शिकवलं तसं."

मी विचारलं, "कितीपर्यंत?"

ती दाखल्याकडं पाहत म्हणाली, "मी जिना उतरली तवा अकरा झाले होते."